भाचा २० वर्षांचा, दुकानातल्या चोरीचा आळ, पहिलीच वेळ: आता काय करायचं

तुमची हकीकत मला समजली ती अशी. भाचा २० वर्षांचा, गाव सांगली जिल्ह्यात, पुण्यात एका मोबाईलच्या शोरूममध्ये आठ महिने कामाला, सोबत पोलीस भरतीची तयारी. स्टॉक मोजताना ८६ हजारांची घट निघाली, मॅनेजरने पोराला रात्री साडेअकरापर्यंत मागच्या खोलीत बसवून ठेवलं, 'मी चोरी केली, सगळे पैसे भरून देतो' असं लिहून घेतलं, सही केलेला कोरा चेक घेतला आणि बाईकची चावी काढून घेतली. आता चौकीतून फोन येतायत. पोराने तुमच्याजवळ रडत सांगितलं की तीन वेळा मिळून १२ हजार त्याने घेतलेत, गिऱ्हाइकाला स्वतःच्या क्यूआरवर पैसे टाकायला लावून, बाकीच्या ७४ हजारांचं त्याला काही माहीत नाही. आणि तुमचा प्रश्न, पैसे भरले की मिटेल का, आणि जेल होईल का.

मी शिवाजीनगर कोर्टात अठरा वर्षं क्रिमिनल साइडच करतोय, त्यात असली दुकान, पेट्रोल पंप, कुरियर, हॉटेलच्या गल्ल्याची प्रकरणं बरीच हातून गेली. जेलचं आधी सांगतो म्हणजे घरात बायका रडायच्या थांबतील. २० वर्षांचं पोर, पहिलाच गुन्हा, रक्कम ही एवढी, शिक्षा म्हणून तुरुंगात जायची वेळ अशा केसमध्ये क्वचितच येते. खरी भीती कागदाची आहे. पोराच्या नावापुढे 'दोषसिद्धी' हा शब्द लागला तर पोलीस भरती विसरा, साधी बँकेतली कॉन्ट्रॅक्टची नोकरी पण अवघड होते. त्यामुळे इथून पुढे जो कोणी सल्ला देईल, मी धरून, त्याला एवढंच विचारायचं की याने जेल वाचतंय की रेकॉर्ड वाचतंय. दोन्ही एकच नाही.

पहिलं काम, गुन्हा दाखल झालाय का ते शोधा. फोन येतायत म्हणजे एफआयआर झाली असं नाही, बऱ्याचदा नुसता तक्रार अर्ज आलेला असतो आणि त्यावर बोलावतात. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर एफआयआर टाकलेल्या असतात, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच २४ तासांत अपलोड करा म्हणून सांगितलंय, लैंगिक गुन्ह्यांसारख्या नाजूक केसेस सोडून. तिथे बघा, नाहीतर वकिलाला चौकीत पाठवा, दहा मिनिटांचं काम आहे. हे एवढ्यासाठी की अर्जाच्या पायरीवर मिटवणं आणि एफआयआरनंतर मिटवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अर्जावर मिटलं तर केसच नाही. एफआयआर झाली की मग मालकाने 'माझी तक्रार नाही' म्हटलं तरी पोलीस ती फाडून टाकू शकत नाहीत, तो विषय कोर्टाचा होतो.

भाच्याला चौकीत एकटं पाठवू नका, आणि गायब पण करू नका. दुसरी चूक गावाकडची माणसं फार करतात, पोराला मावशीकडे कराडला नेऊन ठेवतात आणि फोन बंद. मग तपास अधिकारी कोर्टात छातीठोकपणे सांगतो की आरोपी फरार आहे, आणि जामिनाची अर्धी बाजू तिथेच पडते. लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, हे अर्णेश कुमारच्या २०१४ च्या निकालापासून ठरलेलं आहे, आणि आता सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन कायद्यात म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (बीएनएसएस) ती नोटीस कलम ३५(३) खाली येते, जुन्या लोकांच्या तोंडी अजून '४१-अ' आहे, तीच. नोटीस मिळाली, त्याप्रमाणे हजर राहिलं, की कारण लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली म्हणजे बजावली असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आली तरी भांडत बसू नका, वकिलामार्फत जाऊन हातात घ्या, पोच द्या, आपणच सरळ वागतोय हे कागदावर येतं.

कलमांचं बघू, कारण तुमच्या केसचा खेळ इथेच आहे. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली. साधी चोरी कलम ३०३(२), तीन वर्षांपर्यंत. त्यात एक नवीन गोष्ट आहे, मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल, पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा पैसे परत केले, तर शिक्षा म्हणजे समाजसेवा. लोक हे व्हिडिओत बघतात आणि येऊन सांगतात की साहेब आमच्या पोराला झाडू मारायला लावतील आणि सोडतील. तसं नाही. नोकराने मालकाकडची चोरी केली की ते कलम ३०६, जुनं ३८१, सात वर्षांपर्यंत, त्यात ही सवलत लिहिलेली नाही. आणि नोकराकडे सोपवलेली मालमत्ता त्याने गिळली तर तो विश्वासघात, ३१६(४), जुनं ४०८, तेही सात वर्षांपर्यंत. पोलीस साधारण दोन्ही लावतात आणि वर फसवणुकीचं ३१८(४) चिकटवतात, जेवढं जास्त तेवढं बरं. पण चोरी म्हणजे मालकाच्या ताब्यातून उचलणं आणि विश्वासघात म्हणजे विश्वासाने हातात दिलेलं वळवणं, एकाच रुपयाचं दोन्ही कसं होईल? फसवणूक आणि विश्वासघात एकाच व्यवहारावर एकत्र लावू नका, हे तर सुप्रीम कोर्टाने २०२४ च्या दिल्ली रेस क्लबच्या निकालात पोलिसांना आणि खालच्या कोर्टांना चांगलंच सुनावलंय. हा मुद्दा जामिनाला थोडा आणि कोर्टात आरोप निश्चित होताना जास्त कामाला येतो.

भाच्याचं बँक स्टेटमेंट ताबडतोब काढा, आठही महिन्यांचं, बँकेच्या शिक्क्याचं. हे दुधारी आहे, मी लपवत नाही. त्याच्या क्यूआरवर आलेले ते १२ हजार त्यात दिसणार आणि ते त्याच्या विरोधातला सगळ्यात पक्का पुरावा आहे. पण तेच स्टेटमेंट हे पण दाखवतं की १२ च आले, ८६ नाही. पगार किती, खर्च किती, अचानक कुठली मोठी रक्कम आली का, महागडा फोन घेतला का, काही नाही. बाकीची घट कुणाची? अशा दुकानांत बिलिंगचा पासवर्ड चार जणांना माहीत असतो, रिटर्न आणि कॅन्सल केलेली बिलं मॅनेजरच्या लॉगिनमधून होतात, माल उतरवताना मोजणारा वेगळा, नोंद करणारा वेगळा, आणि मागच्या वेळचा स्टॉक नक्की मोजला होता का हे कुणी विचारत नाही. घट म्हणजे चोरी नव्हे, घट म्हणजे वहीत आणि मालात फरक. एक पोरगं सापडलं की सगळी जुनी घट त्याच्याच नावावर टाकायची ही मॅनेजर लोकांची जुनी रीत आहे, वर हेड ऑफिसला उत्तर द्यायचं असतं ना.

त्यासाठी सीसीटीव्ही लागतो आणि तो थांबत नाही. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, भरला की जुनं पुसून नवीन चढतं, बऱ्याच दुकानांत महिनाभरसुद्धा राहत नाही. म्हणून वकिलाकडून आजच दुकानाला आणि चौकीला पत्र जाऊ द्या, की अमुक तारखेपासूनचं काउंटरचं, गोडाऊनचं आणि त्या रात्रीच्या मागच्या खोलीबाहेरचं फुटेज जपून ठेवा. त्यांनी नाही जपलं तर उलटतपासात विचारायला आपल्याला जागा झाली. आणि त्यांनीच फुटेज आणलं तर नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, हॅश व्हॅल्यूसकट (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा आकडा), बरोबर आहे का ते बघायचं. पेन ड्राइव्ह आणून टेबलावर ठेवला म्हणजे पुरावा झाला असं नाही.

आता तो लिहून घेतलेला कागद. सगळे त्यालाच घाबरतात. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे त्याच नवीन साक्ष अधिनियमात कलम २३ मध्ये आहे, पण मालकासमोर लिहिलेलं चालू शकतं, म्हणून मॅनेजर लोक आधीच लिहून घेतात. मात्र धमकी, दबाव किंवा 'लिहून दे म्हणजे पोलिसात जाणार नाही' असं आमिष दाखवून घेतलेली कबुली कलम २२ खाली बाद होऊ शकते, आणि नोकरीवर ठेवणारा माणूस त्या पोराच्या दृष्टीने अधिकारातलाच असतो. पण हे दबावाचं आपण तीन वर्षांनी साक्षीच्या वेळी पहिल्यांदा बोललो तर कोण विश्वास ठेवणार. म्हणून दोन-चार दिवसांत स्पीड पोस्टने पत्र, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बसवलं, कोण कोण होतं, फोन काढून घेतला का, कागदावर मजकूर कुणी सांगितला, चेक आणि बाईक कशी घेतली. साधं, तारीखवार, शिव्या न घालता. त्यात 'मी काहीच केलं नाही' असं खोटं लिहायचं नाही, 'तो मजकूर माझ्या इच्छेने लिहिलेला नाही' एवढंच, ते खरं आहे आणि पुढे अडचणीत आणत नाही.

मालकावर डांबून ठेवल्याची उलट केस टाकू का, असं तुम्ही विचारायच्या आत सांगतो, आत्ता नको. कायद्याने टाकता येते. पण मालकाशी बोलणी होणार आहेत, त्याआधी त्याच्या अंगावर गेलात तर तो माणूस मग पैसे घेऊनही सही देत नाही, मी दोनदा हे भोगलंय.

कोऱ्या चेकचं मात्र थांबू नका. बँकेत लेखी अर्ज द्या की हा चेक जबरदस्तीने घेतलाय, पेमेंट थांबवा, पोच घ्या. नुसतं स्टॉप पेमेंट केलं म्हणून चेक न वटल्याची, कलम १३८ ची केस होतच नाही असं नाही, त्यामुळे पुढे चेक बाउन्सची नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे, घरी कपाटात पडून राहता कामा नये.

आणि भाच्याला सांगा, फोनमधलं काही डिलीट करायचं नाही. ना चॅट, ना पेमेंट अ‍ॅप. पोरांना वाटतं उडवलं की गेलं. ते परत निघतं आणि वर पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम लागतं.

पैशांबद्दल. तुम्ही म्हणालात बहिणीचे दागिने ठेवून ८६ हजार उभे करतो आणि चौकीत नेऊन देतो. थांबा. माझ्याकडे एक प्रकरण होतं, वडिलांनी पतसंस्थेत सोनं तारण ठेवून ४० हजार आणले, चौकीत दिले, साहेब म्हणाले मिटवतो. पंचनाम्यात काय लिहिलं, तर 'आरोपीने निवेदन करून घरातील कपाटातून चोरीची रक्कम काढून दिली'. म्हणजे बापाच्या कर्जाचा मुद्देमाल झाला, आणि पोलिसांसमोरची कबुली चालत नसली तरी त्या कबुलीतून जी वस्तू सापडते तेवढा भाग पुराव्यात येतो, निवेदन पंचनामा म्हणतात तो हाच. नशीब पतसंस्थेची पावती होती आणि तारीख तीच होती, तिच्या जोरावर उलटतपासात तो पंचनामा पडला. पण त्याला पाच वर्षं गेली. चौकीत रोख एक रुपया द्यायचा नाही.

पैसे परत करणं वेगळं आणि गुन्हा कबूल करणं वेगळं, हे घरातल्या सगळ्यांना नीट समजावा. अजून गुन्हा दाखल नसेल तर वकिलामार्फत मालकाशी बोला, मॅनेजरशी नाही, मालकाशी. भाच्याचा शेवटचा पगार राहिलाय ना? तो हिशेबात धरा. १२ हजारांपासून बोलणी सुरू करा, मालक ८६ वर अडेल, मधे कुठेतरी थांबेल, आणि खरं सांगायचं तर पोराचं भविष्य बघता १२ च्या वर थोडं द्यावं लागलं तर मी द्या म्हणेन, पण ८६ नाही, कारण ८६ दिले म्हणजे ८६ ची चोरी तुम्हीच मान्य केली असा अर्थ निघतो. पैसे खात्यावरूनच, कंपनीच्या खात्यावर. समजुतीच्या कागदात 'चोरी' शब्द कुठेही नको, 'कामाच्या काळातील हिशेबातील फरक, कोणतीही कबुली न देता, पूर्ण व अंतिम' असं. 'पैसे मिळाले म्हणून केस करणार नाही' हे वाक्यही नको, त्याने कागद कमकुवत होतो, 'हिशेब मिटला, कसलंही येणं नाही, कसलीही तक्रार नाही' असं लिहायचं. जुना कबुलीचा कागद, चेक आणि बाईक परत मिळाल्याची नोंद त्याच कागदात.

एफआयआर झालेली असेल तर आधी सेशन कोर्टात अटकपूर्व जामीन, बीएनएसएसचं कलम ४८२. सोबत कॉलेजचं बोनाफाइड, आधार, गावचा पत्ता, आधी काही गुन्हा नाही, बँक स्टेटमेंट, आणि ते स्पीड पोस्टचं पत्र. सरकारी वकील म्हणणार की रक्कम हस्तगत करायचीय म्हणून कोठडी हवी. त्याला उत्तर, जे काही आहे ते बँकेच्या रेकॉर्डवर आहे, त्यासाठी पोराला आत ठेवायची गरज काय. जामिनाचं कोर्ट म्हणजे वसुलीचं कोर्ट नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. समजा त्याआधीच अटक झाली, तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर आणतात, तिथे वकील हजर हवाच, आणि जामीनदाराचे कागद तयार हवेत, सातबारा, आधार, फोटो. जामीन झाला तरी जामीनदाराच्या कागदांपायी पोरं दोन-दोन दिवस आत बसलेली मी बघितलीत. गावाहून निघतानाच ताजा सातबारा काढून घ्या. वकिलाची फी झेपत नसेल तर शिवाजीनगरलाच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कोठडीतल्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न न बघता.

जामिनानंतर मिटवायचं दोन वाटांनी. ३०६ आणि ३१६(४) दोन्ही मॅजिस्ट्रेटच्या परवानगीने तडजोडीने मिटवता येतात, बीएनएसएसचं कलम ३५९, आणि तसं मिटलं की त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच. दुसरी वाट हायकोर्टात एफआयआर रद्द करून घ्यायची, कलम ५२८, मालकाच्या संमतीच्या प्रतिज्ञापत्रावर, सुप्रीम कोर्टाच्या ग्यान सिंगच्या २०१२ च्या निकालाच्या आधाराने. खर्च जास्त, पण भरतीच्या दृष्टीने ती जास्त स्वच्छ. तुम्ही सांगलीचे म्हणून हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचला जाऊ म्हणाल, पण गुन्हा पुण्यातला आहे, पुणे मुंबईकडेच आहे.

तिसरी वाट कोर्टाच्या आवारात कुणीतरी नक्की सुचवेल, 'गुन्हा कबूल करा, दंड भरा, एका तारखेत मोकळे'. ही वाट धरू नका. प्ली बार्गेनिंगचंही, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेचा सौदा करण्याचंही, तेच, शिक्षा कमी होते, पहिल्या वेळेला तर अजूनच कमी, पण ती दोषसिद्धीच. परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) कायदा आहे, १९५८ चा, चांगला कायदा आहे, कलम ३ खाली समज देऊन आणि कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडतात. २१ च्या आतल्या आरोपीला तर कलम ६ मुळे परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवल्याशिवाय आणि कारण लिहिल्याशिवाय कैद देता येत नाही. पण हे वय खालच्या कोर्टाच्या निकालाच्या दिवशीचं धरतात, रामजी मिसरच्या १९६३ च्या निकालापासून. तुमचा भाचा आज २० चा, केस संपेपर्यंत २५ चा होईल, म्हणजे ६ गेलं, ३ आणि ४ राहिलं. कलम १२ सांगतं की परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही, पण दोषी ठरवल्याची नोंद पुसली जात नाही आणि पोलीस खातं ती बघणारच. त्यामुळे परिवीक्षा ही शेवटची छत्री, तडजोड फिसकटली आणि केस अंगावर आली तर उघडायची.

भरतीचा फॉर्म. त्यात विचारलेलं असतं की गुन्हा दाखल होता का, अटक झाली होती का. केस मिटली, रद्द झाली, निर्दोष सुटला, तरी खरं लिहायचं. अवतार सिंगच्या २०१६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की माहिती खरी द्यायचीच, दिल्यावरही खातं उमेदवाराची पात्रता तपासू शकतं, लपवली आणि सापडली तर मात्र त्या लपवण्यावरच नोकरी जाऊ शकते. क्षुल्लक जुनं प्रकरण उघड लिहिलेली पोरं लागलेली मी बघितलीत, लपवलेली ट्रेनिंगमधून परत आलेली पण बघितलीत.

एक गोष्ट तुम्ही नाही विचारली पण सांगतो. भाच्याने १२ हजार का घेतले ते तुम्ही लिहिलं नाही. क्लासची फी, ऑनलाइन गेम, कुणाचं देणं, काहीतरी असेलच. ते वकिलाला खरं सांगायला सांगा, वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही, साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं त्याला संरक्षण आहे. गेमचं प्रकरण असेल तर आधी ते बंद करा, कारण जामिनावर असताना दुसऱ्या दुकानात हेच झालं तर मग मीच काय, कुणीच काही करू शकत नाही. बोलताना तुम्ही नका बसू, मामासमोर पोरं अर्धंच बोलतात, त्याला एकट्याला आत पाठवा.

सोमवारी येताना स्टेटमेंट, नियुक्तीपत्र असेल तर ते, पगाराच्या नोंदी आणि त्या रात्रीचे त्याच्या फोनवरचे कॉल-मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन या. आणि त्याआधी चौकीतून परत फोन आला तर पोराने स्वतःच उचलायचा, 'साहेब, वकिलांना घेऊन येतो, नोटीस द्या' एवढंच बोलायचं आणि कॉलची वेळ लिहून ठेवायची.